माफीची वसुली होत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल की, या कवीकडचं पाऊसपाणी, ज्वारी, माणसं सगळं संपलं वाटतं. कारण मी आज आकाशातल्या पोलिसांबद्दल बोलणार आहे. तेही चित्रकथांतल्या. ज्यांच्या बोटात हिरवी अंगठी असते आणि जे एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर गस्त घालत फिरतात, त्या पोलिसांबद्दल. माझ्या भाच्यानं लहानपणी टीव्हीवर कार्टून बघता बघता मला त्यांची ओळख करून दिली. तो मोठा झाला, नोकरीला लागला. मी मात्र त्या गोष्टींत अडकून राहिलो. लढाया आणि स्फोट मी भराभर पानं उलटून सोडून देतो. मला धरून ठेवतात त्या या पोलिसांच्या आपसातल्या तीन गोष्टी : एकमेकांवरचा संशय, मनाला खाणारा अपराध आणि प्रेम.

आधी थोडी ओळख करून देतो. १९४० साली अमेरिकेत मार्टिन नोडेल नावाचा तरुण चित्रकार कामाच्या शोधात होता. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्यानं एका कामगाराला कंदील हलवताना पाहिलं. लाल दिसला की गाडीनं थांबायचं, हिरवा दिसला की निघायचं. त्यावरून त्याला नायक सुचला, ग्रीन लँटर्न, म्हणजे हिरवा कंदील. कथा लिहायला बिल फिंगर हा लेखक बरोबर होता. नायकाचं नाव आधी अ‍ॅलन लॅड ठेवायचं घाटत होतं. भराभर म्हणून पाहा, अल्लादीन ऐकू येईल. पुढे ते बदलून अ‍ॅलन स्कॉट केलं. म्हणजे या नायकाच्या पाळण्यात दोन दिवे आहेत, एक रेल्वेचा आणि एक आपल्या आजीच्या गोष्टीतला.

१९५९ साली जॉन ब्रूम आणि गिल केन या दोघांनी हा कंदील पुन्हा पेटवला. या वेळी नायक होता हाल जॉर्डन, विमानं उडवणारा. एक परग्रहावरचा शिपाई मरता मरता त्याला आपली अंगठी देतो. मग कळतं की असे शिपाई आणखी आहेत, त्यांचं एक दलच आहे. ओआ नावाच्या ग्रहावर निळ्या रंगाचे, बुटके, फार प्राचीन असे पालक बसतात. त्यांनी सगळ्या विश्वाच्या ३६०० हद्दी पाडल्या आहेत. आपल्याकडे ठाण्याची हद्द असते तशाच. सुरुवातीला हद्दीमागे एक शिपाई असे, पुढे दोन झाले. शिपायाच्या मनात जे येईल ते ती अंगठी हिरव्या उजेडातून उभं करते, भिंत म्हटलं तर भिंत, हातोडा म्हटलं तर हातोडा. फक्त अंगठी अधूनमधून कंदिलाला लावून भरून घ्यावी लागते. आणि जुन्या कथांत ती पिवळ्या रंगापुढे चालत नसे. पुढच्या लेखकांनी खुलासा केला की पिवळा हा भीतीचा रंग आहे.

हे वाचून मला हसू आलं. आमच्या लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते. तिथं खंडोबाच्या भंडाऱ्यानं माणसं, घोडी, वाटा सगळं पिवळं होतं. हा हिरवा शिपाई तिथं आला तर त्याचं काही खरं नाही! आणि आमच्याकडे नवरीच्या हळदीच्या हातात हिरवा चुडा भरतात. तो भरणारा मणियार पुष्कळदा मुसलमान असतो. पिवळं आणि हिरवं आमच्याकडे एकाच मनगटावर नांदतं. असो.

आता मुद्द्यावर येतो. इतकी मोठी ताकद एकेकट्या शिपायाच्या बोटात दिली, तर त्या शिपायावर लक्ष कोण ठेवणार? या गोष्टी लिहिणाऱ्यांना हा प्रश्न लवकर पडला. १९६१ साली त्यांनी सिनेस्ट्रो हे पात्र आणलं. हा कोरुगार ग्रहाचा शिपाई. गुन्हे होऊच नयेत म्हणून त्यानं आपल्याच ग्रहावर हुकूमशाही आणली. शिस्त इतकी की श्वास कोंडावा. त्याला काढून टाकलं, पण त्याच्या ग्रहावरच्या लोकांना हिरव्या उजेडाचीच शिसारी आली. त्याच्या जागी कटमा तुई आली, आणि पुष्कळ वर्षांनी, २००५ च्या सुमारास, सोरानिक नाटू नावाची मेंदूची शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आली. तिला अंगठी नकोच होती. ज्या उजेडानं आपल्या माणसांचा छळ केला तो बोटात कसा घालायचा? तरी ती घालते, आणि तिचेच लोक तिच्याकडे पाठ फिरवतात. ती कुणावर चिडत नाही. तिथंच दवाखान्यात काम करत राहते. आणि पुढे तिला कळतं की ती त्या सिनेस्ट्रोचीच मुलगी आहे.

हाल जॉर्डनचंही असंच झालं. १९९३-९४ च्या कथांत त्याचं सगळं शहर नष्ट होतं. त्या दुःखात तो भडकतो, शहर परत आणायला ताकद हवी म्हणून आपल्याच सोबत्यांवर तुटून पडतो, त्यांच्या अंगठ्या काढून घेतो आणि त्यांना अंतराळात मरायला सोडून पुढे जातो. दहा वर्षांनी लेखक जेफ जॉन्सनं त्याला परत आणलं आणि खुलासा दिला की त्याच्या अंगात भीतीचं भूत शिरलं होतं, दोष त्याचा नव्हता. वाचक खूश झाले. पण त्या मरायला सोडलेल्या शिपायांपैकी काही जण जिवंत सापडतात. त्यांना हा खुलासा पुरत नाही. आपल्याकडे आचार्य अत्र्यांच्या नाटकातला लखोबा प्रत्येक साक्षीदाराला ‘तो मी नव्हेच’ म्हणतो. हालचं म्हणणं ऐकताना त्या शिपायांना तसंच काहीसं वाटलं असेल. भूत असेल, पण चेहरा तर तुझाच होता ना?

आणि या दलात प्रेमाचं काय होतं? एका मोठ्या युद्धानंतर ते निळे पालक कायद्याच्या पुस्तकात नवी कलमं घालतात. शिपायांना शत्रूचा जीव घेण्याची मुभा मिळते. आणि थोड्याच काळात दुसरं कलम येतं की शिपायांनी एकमेकांवर प्रेम करायचं नाही. सोरानिक डॉक्टर आणि काइल रेनर हा पृथ्वीवरचा चित्रकार शिपाई, दोघांचं तेव्हा जमलेलं असतं. कवी म्हणून मी या जागी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. मारायला परवानगी आणि प्रेमाला बंदी, एकाच पुस्तकात! पालकांना वाटतं, प्रेमात पडलेला शिपाई सगळ्यांकडे सारख्या नजरेनं पाहणार नाही. मला उलट वाटतं. ज्याला घरी परतून एखाद्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं असतं, त्याचा हात मारताना थोडा तरी थबकतो.

पण ज्या गोष्टीसाठी मी आज हा विषय घेतला, ती जॉन स्ट्युअर्टची आहे.

जॉन स्ट्युअर्ट हा कृष्णवर्णीय शिपाई १९७१ च्या अखेरीस आला. पेशानं वास्तुरचनाकार, घरं बांधणारा. कटमा तुईनं त्याला शिकवलं, पुढे दोघांनी लग्न केलं. ती १९८८ साली मारली गेली. त्याच वर्षी सुरू झालेल्या एका मालिकेत जॉनवर झान्शी नावाच्या ग्रहाला वाचवायची जबाबदारी येते. ग्रहावर एक बाँब आहे. बरोबर एक अनुभवी सोबती आहे. जॉनला आपल्या अंगठीचा इतका भरवसा की तो सोबत्याला मागे अडकवून ठेवतो आणि म्हणतो, माझं मी बघतो. बाँबपाशी पोचतो तर तो पिवळ्या रंगानं रंगवलेला. अंगठी चालत नाही. सगळा ग्रह त्यावरच्या माणसांसकट फुटतो. जॉनला जीव नकोसा होतो. त्याचा सोबती त्याची समजूत घालत नाही. त्याला हे ओझं घेऊनच जगायचं आहे, हे तो त्याला स्वच्छ सांगतो.

त्या ग्रहाची एक मुलगी त्या दिवशी घरी नव्हती, दुसऱ्या ग्रहावर युद्धकला शिकायला गेली होती. तिचं नाव यरा. घर नाही, गाव नाही, भाषा बोलायला कुणी नाही. ती हिरव्या शिपायांना शोधून शोधून मारत सुटते. ज्यांचा झान्शीशी काही संबंध नव्हता अशांनाही मारते. सूडाचं असंच असतं, तो पत्ता बघून येत नाही.

पुढे काय होतं ते नीट ऐका. त्या विश्वात एक जांभळ्या उजेडाचं दल आहे, प्रेमाचं. त्या दलाच्या बाया यराला पकडतात, एका स्फटिकात ठेवतात आणि तिचं मन प्रेमानं भरून टाकतात. ती बाहेर येते, जॉनसमोर उभी राहते आणि म्हणते, मी तुला माफ केलं. जॉनच्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं असेल! पुढे दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. वाचणाऱ्याला वाटतं, चला, शेवट गोड झाला.

पण २०१४ च्या सुमाराच्या कथांत कळतं की जॉनबरोबर राहणारी बाई यरा नव्हतीच. रूप बदलणाऱ्या जमातीतला एक हेर तिच्या जागी येऊन राहिला होता. खरी यरा सापडते. जॉनला वाटतं, आता ती आपल्याकडे येईल. ती त्याला सांगते की त्या जांभळ्या बायांनी माझ्या मनाविरुद्ध मला बदललं होतं. ते प्रेम माझं नव्हतं आणि ती माफीही माझी नव्हती. आणि ती निघून जाते.

श्रोतेहो, चित्रकथा पोरांसाठी असतात असं म्हणतात. पण मोठमोठ्या ग्रंथांत अवघड वाटणारी गोष्ट इथं एका रागावलेल्या बाईनं दोन वाक्यांत सांगून टाकली. माफी मागता येते, तिची वाट पाहता येते, पण ती वसूल करता येत नाही. आणि वसूल केलेल्या माफीवर प्रेमाचं घर बांधलं, तर त्या घरात राहणारं माणूस खरं आहे की तोतया, हेसुद्धा ओळखू येत नाही. इतकं घर बांधणारा जॉन, त्यालाही ते कळलं नाही.

याच्या शेजारी मला आपली एक चित्रकथा ठेवायची आहे. माझ्या वयाच्या लोकांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असेल. १९६४ ते १९९० या काळात मुंबईहून टाइम्स समूह ते काढत असे, मराठीतही निघायचं. वेताळ, मँड्रेक जादूगार, अंतराळात फिरणारा फ्लॅश गॉर्डन, सगळे त्यात होते. लोह्याच्या एसटी स्टँडवर एका टपरीत जुने अंक भाड्यानं मिळायचे. १९७६ साली त्यात एक देशी नायक आला, बहादूर. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. तो निर्माण केला आबिद सुरती यांनी, चित्रं होती गोविंद ब्राह्मणियांची. एका मुसलमान लेखकानं भगवा कुर्ता घातलेला नायक उभा केला आणि देशभरच्या पोरांनी तो आपला म्हणून वाचला, यात तेव्हा कुणाला काही विशेष वाटलं नाही.

बहादूर हा दरोडेखोराचा मुलगा. त्याच्या बापाला विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं चकमकीत मारलं. आणि त्याच विशालनं त्या पोराला घरी आणून वाढवलं. विचार करा, ज्याच्या गोळीनं बाप गेला त्याच्याच ताटात जेवायचं. पोराच्या मनात सूड असतो. विशाल त्याच्यापासून काही लपवत नाही, बाप कसा होता आणि तो का मेला ते सांगतो. बहादूर ते ऐकतो, पडताळतो, आणि मग सूड सोडून देतो. दरोडेखोरांपासून गावांचं रक्षण करायला तो नागरिकांचंच एक दल उभं करतो. त्याची बेला बरोबरीनं लढते, पदराआड उभी राहत नाही. त्या काळात चंबळच्या बातम्या ताज्या होत्या. १९६० साली विनोबांपुढे आणि १९७२ साली जयप्रकाश नारायणांपुढे तिथल्या दरोडेखोरांनी शस्त्रं खाली ठेवली होती. त्या हवेत ही कथा जन्मली.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. यराला माफ करायला लावलं गेलं. बहादूरला कुणी लावलं नाही. त्याला वेळ मिळाला, खरं काय ते ऐकायला मिळालं, आणि सूड घ्यायची मोकळीकही होती. समोरचा माणूस रोज त्याच घरात निःशस्त्र झोपत होता. म्हणून त्याची माफी टिकली.

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगतो. आमच्या मराठवाड्यात ‘पोलीस’ हा शब्द एका जुन्या दिवसाशी बांधलेला आहे. १९४८ च्या सप्टेंबरात १३ ते १७ तारखेला भारतीय फौज हैदराबाद संस्थानात आली. ती फौजच होती, पण नाव पडलं पोलीस अ‍ॅक्शन. आपण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, आणि तो करायलाच हवा. निजामाची सत्ता आणि रझाकारांचा जुलूम यातून लोक सुटले. आमच्याच नांदेड जिल्ह्यात, बिलोली तालुक्यात, १९४६ साली गोविंदराव पानसरे मारले गेले. त्यांच्यासारख्यांच्या घरांनी जे सोसलं ते विसरा असं सांगण्याचा हक्क कुणालाच नाही, मला तर मुळीच नाही.

पण त्या पाच दिवसांच्या मागून आणखी काही दिवस आले. ज्यांनी रझाकारांचा पोशाख कधी अंगाला लावला नव्हता, अशा मुसलमान शेतकऱ्या-विणकऱ्यांची घरंही त्यात गेली. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं हिंडून अहवाल लिहिला. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचं नाव आहे, आणि मेलेल्यांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला आहे. तो अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. त्याच अहवालात हेही आहे की पुष्कळ ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान बायापोरांना वाचवलं. आमच्या घरात मोठी माणसं त्या दिवसांबद्दल बोलायची नाहीत. दोन्हीकडची बोलायची नाहीत. न बोलण्यालाच सगळे समजूतदारपणा म्हणत आले.

सगळ्यांना घाई असते ती मिटवायची. २००७ साली महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच, सामोपचारानं मिटावेत, हा विचार चांगला होता. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कितीतरी लोकांचे पैसे आणि वर्षं त्यानं वाचवली. पण गावाला बक्षीस मिळणार म्हटल्यावर कुठं कुठं घाई झाली. एका गावात मी पाहिलंय, नवऱ्यानं मारलेल्या बाईला पारावर उभं केलं. दहा माणसं म्हणाली, ‘आता झालं गेलं विसर बाई, गावाचा प्रश्न आहे.’ तिनं मान हलवली. कागदावर अंगठा घेतला. सगळ्यांनी चहा घेतला, तिनं नाही घेतला. त्या बाईचा तो अंगठा आणि यराचा तो स्फटिक, मला एकच वाटतो. प्रेमाच्या नावानं, गावाच्या नावानं, एकोप्याच्या नावानं तिच्याकडून तिची चीज काढून घेतली.

मग काय, भांडणं तशीच ठेवायची? तसं मी म्हणत नाही. ज्यानं दुखावलं त्याच्या हातात बरंच काही असतं. खरं बोलणं त्याच्या हातात आहे. ‘तो मी नव्हेच’ न म्हणणं त्याच्या हातात आहे. सोरानिकसारखं, पाठ फिरवणाऱ्या लोकांतच राहून दवाखाना चालवणं त्याच्या हातात आहे. विशालसारखं, ज्याचं नुकसान झालं त्याच्या पोरांना वाढवणं त्याच्या हातात आहे. फक्त माफी तेवढी त्याच्या हातात नाही. ती ज्याची आहे त्यानं द्यायची, केव्हा द्यायची ते त्यानं ठरवायचं, आणि नाही दिली तरी त्याला गावाचा वैरी म्हणायचं नाही.

रक्षण करणाऱ्यांना, मग ते खाकीतले असोत की हिरव्या अंगठीतले, लोकांच्या संशयाचा राग येतो. आम्ही रात्रंदिवस राबतो आणि तुम्ही आमच्याकडे असं बघता, असं त्यांना वाटतं. त्यांचं दुःख खोटं नाही. बारा-बारा तास उभं राहणाऱ्या शिपायाचे पाय मी पाहिले आहेत. पण ज्याच्या हाती दंडा आहे त्यानं थोडा संशय पगाराबरोबर घरी न्यायचाच असतो. तो संशय त्याला सिनेस्ट्रो होऊ देत नाही.

यरा निघून गेल्यावर जॉन स्ट्युअर्ट काय करतो? काही खास करत नाही. अंगठी कंदिलाला लावतो, भरून घेतो आणि त्याच्या हद्दीत गस्तीला निघतो. माफी मिळाली नाही म्हणून काम थांबत नाही. आणि काम केलं म्हणून माफी मिळालीच पाहिजे, असंही आता तो म्हणत नाही.

श्रोतेहो, वेळ झाली. नमस्कार, खुदा हाफिज.